फोटोतला तो चौथा गडी कोण?
गावच्या खेळांचा ठेवा वेबसाइटवर मांडायचा, तर आधी त्याचे चावडी वाचन करा

शेतकरी बंधूंनो आणि गावकारभाऱ्यांनो, तुमच्या गावच्या शाळेतले किंवा क्रीडा मंडळाचे जुने लोखंडी कपाट एकदा उघडून बघा. वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या ढाली आणि चषक असतील. खाली कबड्डी, खो-खोच्या संघांचे काळे-पांढरे फोटो असतील, त्यातल्या एक-दोघांना वाळवी लागलेली असेल. एखाद्या जुन्या शंकरपटाचे पिवळे पडलेले हँडबिल, मंडळाच्या वर्गणीची वही, शिट्टी, फाटके बॅनर असेही काही सापडेल. हे कपाट म्हणजेच तुमच्या गावचे क्रीडा संग्रहालय आहे. त्याला आजवर कोणी तसे म्हटले नाही, एवढेच.

आता त्यातला एक फोटो बाहेर काढा. हाफ पँट, बनियन घातलेले आठ गडी ओळीत उभे आहेत, मध्ये ढाल ठेवली आहे. मागे नाव नाही, साल नाही. डावीकडून चौथा कोण? गावात हे सांगू शकणारे एक-दोन म्हातारे असतील. ते आहेत तोवर हा फोटो म्हणजे गावचा इतिहास. ते गेले की तोच फोटो म्हणजे आठ अनोळखी माणसे.

गावातली शिकलेली पोरे आता म्हणतात, "काका, आपल्या मंडळाची वेबसाइट बनवू." विचार चांगला आहे, त्यांना अडवू नका. फक्त सुरुवात कुठून करायची ते नीट ठरवा. बहुतेक ठिकाणी आधी रंग ठरतो, मग कोणाचा फोटो वर टाकायचा यावर वाद होतो, आणि शेवटी वेबसाइटवर टाकायला धड माहितीच नसते. आधी कळस मग पाया, असा तो प्रकार. पऱ्हे जोमदार नसतील तर बांधीत कितीही चिखल करा, रोवणी साधत नाही. वेबसाइटचेही तसेच आहे. तिचे पऱ्हे म्हणजे नोंदवही.

कागद राहिला म्हणून इतिहास राहिला

खेळ मातीतला असला तरी त्याचा इतिहास कागदावरच टिकतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बसवले. कबड्डीच्या नियमांचा पहिला प्रयत्न १९१८ साली साताऱ्यात झाला. हे आज आपण छातीठोकपणे सांगतो, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या विदर्भातले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. ही गोष्टसुद्धा कागदपत्रे आणि फोटो जपले गेले म्हणूनच आपल्यापर्यंत आली.

जिथे जपणूक होत नाही, तिथे काय होते? कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर गावकऱ्यांनी त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक काढली. १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. पुढे २०१७ साली त्यांच्या घरच्यांवर हे पदक लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली, कारण गोळेश्वरला जाहीर झालेली कुस्ती अकादमी उभी राहत नव्हती. देशाच्या पहिल्या पदकाची ही कथा, तर आपल्या गावच्या तालुका अजिंक्य ढालीची काय कथा?

उलट, जतन करणारा एक माणूस पेटून उठला तर काय होते, तेही बघा. पुण्यात रोहन पाटे या क्रिकेटपटूने २०१२ साली 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचे संग्रहालय उभे केले. नामांकित खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी आणि त्यांनी वापरलेले साहित्य त्यात आहे. क्रिकेटला पैसा आहे, हे खरे. पण आपले मातीतले खेळही आता मागे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. उद्या कोणी विचारेल, "हा खेळ भंडाऱ्याच्या खेड्यांत कधीपासून खेळतात?" तेव्हा दाखवायला आपल्याकडे काय असेल?

आपल्या जिल्ह्यात घाई का करायची?

याला तीन कारणे आहेत, आणि तिन्ही तुमच्या परिचयाची आहेत.

पहिले कारण म्हणजे वैनगंगा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला महापूर कोणी विसरलेले नाही. घरात पाणी शिरले की माणूस आधी लेकरे, मग जनावरे, मग धान वाचवतो. भिंतीवरचा संघाचा फोटो वाचवायला कोणाला सुचणार? पाण्यात गेलेला फोटो परत मिळत नाही. त्याची संगणकावरची प्रत मात्र भंडाऱ्यात एक, नागपूरला एक अशी राहू शकते.

दुसरे कारण गोसीखुर्द. धरणाच्या पाण्याखाली घरे आणि शेते गेली, तशी खेळाची मैदानेही गेली. नव्या गावठाणात घरे बांधून मिळतात, पण ज्या मैदानावर तीन पिढ्या कबड्डी खेळल्या, त्याची आठवण बांधून मिळत नाही. जुन्या गावची मैदाने आता फोटोतच आहेत. ते फोटोही विखुरले, तर त्या गावाचा खेळ पुसला गेला म्हणून समजा.

तिसरे कारण शंकरपट. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या कायदादुरुस्त्या वैध ठरवल्या. एवढ्या वर्षांच्या वादात एक शब्द सारखा येत होता, तो म्हणजे परंपरा. परंपरा आहे असे नुसते म्हणणे वेगळे आणि अमुक सालचे हँडबिल, तमुक सालचा फोटो, बक्षिसाची यादी पुढे ठेवणे वेगळे. ज्या गावाकडे जुना कागद आहे, त्याच्या बोलण्याला वजन येते.

वस्तूचा सातबारा

सातबारा आपल्याला कोणी शिकवायला नको. गट क्रमांक, क्षेत्र, मालक, पीक आणि जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याचे फेरफार. संग्रहातल्या प्रत्येक वस्तूचा असाच सातबारा तयार करायचा. जगातली मोठी संग्रहालयेही याच पद्धतीने चालतात. नाव वेगळे असेल, काम हेच.

एक जाड, लांब वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. एका वस्तूचा क्रमांक दुसरीला कधीही द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी नाही. मग पुढील रकाने भरा. नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल:

क्रमांक : २०२६/१४
वस्तू : ढाल, लाकडी पाटीवर पितळी पत्रा
माप : उंची ४२ सें.मी., रुंदी ३० सें.मी.
वस्तूवरचा मजकूर : जसा कोरला आहे तसाच, शुद्धलेखन न सुधारता
खेळ : कबड्डी
साल : ढालीवर असेल तेच. नसेल तर "अंदाजे", आणि अंदाज कोणी केला ते
कोणाकडून आली : देणाऱ्याचे नाव, दिल्याची तारीख, कायमची दिली की दाखवायला दिली
अवस्था : डाव्या कोपऱ्यात पत्रा सुटलेला
हकिकत : ती जिंकली तेव्हा काय झाले, कोणी सांगितले

"कायमची दिली की दाखवायला दिली" हा रकाना सोडू नका. निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात. आज आबाजी हौसेने चषक आणून देतात, दहा वर्षांनी नातू मागायला येतो. कागदावर सही असेल तर दोघांचाही मान राहतो.

फोटोवर क्रमांक टाकायचा तो मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता. बॉलपेनने लिहाल तर पुढच्या बाजूला उमटेल. फोटो लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, गोंदाने वहीत चिकटवू नका. ढालीचा पितळी पत्रा चिंच लावून चकचकीत करायचा मोह आवरा. घरच्या गुंडाला ते चालते, पण जुन्या ढालीवरची बारीक अक्षरे घासून घासून जातात. कोरड्या, मऊ फडक्याने पुसले तरी पुरे.

फोटोंचे चावडी वाचन

आता मुद्द्याचे. राज्यातले सातबारे संगणकावर आले तेव्हा त्यात चुका निघाल्या. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले, लोकांसमोर उतारे वाचले गेले, दुरुस्त्या झाल्या आणि मग १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. म्हणजे आधी चावडी, मग संगणक. आपल्या फोटोंचेही असेच चावडी वाचन करायचे आहे.

मंडईच्या दिवशी लेकी-जावई, नोकरीला गेलेली पोरे, पाहुणे असे सगळे गावात असतात. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबले टाका. मूळ फोटो लोकांच्या हाती देऊ नका. त्याची मोठी झेरॉक्स किंवा छापील प्रत ठेवा. प्रत्येक डोक्यावर आकडा लिहा, एक, दोन, तीन. शेजारी वही आणि लिहिणारा मुलगा बसवा. मग म्हाताऱ्या मंडळींना बोलवा. पाणी, चहा द्या आणि ऐका.

"हा दोन नंबरचा आमचा थोरला भाऊ होय. आणि हा चौथा... थांब, हा आपल्या गावचा नाही, हा पाहुणा खेळाले आणला होता!" अशी माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

दोघांनी एकाच डोक्याची दोन नावे सांगितली तर भांडू नका. दोन्ही नावे लिहा, सांगणाऱ्यांची नावेही लिहा. सरपंचांनी सांगितले म्हणून ते खरे आणि मजुराने सांगितले म्हणून ते खोटे, असे करू नका. मैदानावर गडी पाहतात, घर पाहत नाहीत. वहीतही तसेच असावे. बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलेत तर उत्तम, पण आधी विचारून.

मुलींच्या संघांकडे विशेष लक्ष द्या. जुन्या फोटोत खो-खो खेळणाऱ्या मुली आज लग्न होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या आडनावाने राहतात. गावात त्यांना ओळखणारेही कमी. म्हणून नोंदीत माहेरचे नाव आधी, सासरचे नाव नंतर, अशी दोन्ही लिहा. वेबसाइटवर कोणत्याही नावाने शोधले तरी तो फोटो निघाला पाहिजे. खरे सांगायचे तर कपाटाऐवजी वेबसाइट कशाला हवी, याचे उत्तर याच बाया आहेत. साकोलीची लेक नागपूरला नांदते. ती कपाट उघडायला येणार नाही, पण मोबाईलवर स्वतःचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो बघेल आणि लेकीला दाखवेल. कदाचित कळवेलही, की तिसरी मुलगी कोण होती.

फोटो उतरवायचे कसे?

फोटो आणि कागद स्कॅनरवर उतरवणे केव्हाही चांगले. 'आपले सरकार' केंद्रात किंवा शाळेत स्कॅनर असतो. जुन्या फोटोसाठी ६०० डीपीआय ठेवा. चार बाय सहा इंची फोटो त्याने २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा उतरतो आणि गड्यांचे चेहरे मोठे करून पाहता येतात. हँडबिल, पत्र, वहीची पाने यांना ३०० पुरे. फोटोची मागची बाजूही उतरवा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

ढाल, चषक यांचे फोटो मोबाईलनेही छान निघतात. फ्लॅश बंद ठेवा, पितळेवर तो चमकतो आणि अक्षरे दिसत नाहीत. सकाळच्या वेळी व्हरांड्यात, थेट ऊन नसेल अशा जागी, मागे साधे पांढरे कापड लावून फोटो काढा. बाजूला मोजपट्टी ठेवा. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक अक्षरांचा जवळून. फाइलचे नाव वहीतल्या क्रमांकाचेच असू द्या. "नवीन फोटो ७ फायनल" अशी नावे द्याल, तर सहा महिन्यांनी तुम्हालाच उमगणार नाही.

मूळ मोठी फाइल कधीही कापू-छाटू नका, रंगवू नका. वेबसाइटसाठी तिची छोटी प्रत काढा, दीड-दोनशे केबीची. आपल्याकडे कित्येक गावांत नेटवर्क एका काडीवर असते. दहा एमबीचा फोटो उघडेस्तोवर माणूस कंटाळून निघून जातो. आणि प्रती तीन ठेवा. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर. बियाणे सगळे एकाच कोठीत कोण ठेवतो?

वेबसाइटचा आराखडा

नोंदवही आणि फोटो तयार झाले की वेबसाइट निम्मी झाली. आता पोरांना खुशाल बसवा, पण पुढील गोष्टी सांगून ठेवा.

पहिल्या पानावर संग्रहातलीच एखादी वस्तू असावी आणि तिची दोन ओळींत हकिकत. पदाधिकाऱ्यांचे सत्काराचे फोटो तिथे नकोत. त्यांच्यासाठी 'आमचे मंडळ' असे वेगळे पान ठेवा, मानही राहील आणि पाहुण्याला हवे तेही दिसेल.

शोधायला चार वाटा द्या : खेळाप्रमाणे, सालाप्रमाणे, माणसाप्रमाणे, गावाप्रमाणे. कोणाला १९७८ ची ढाल बघायची असते, कोणाला फक्त आपल्या बापाचा फोटो. दोघांचीही सोय व्हावी.

एक पान 'ओळखा पाहू' असे ठेवा. ज्या फोटोतली माणसे ओळखली गेली नाहीत, ते फोटो इथे. खाली मंडळाचा एक फोन नंबर. याच पानावर लोक सर्वात जास्त येतील, आणि आलेली माहिती वहीत चढवायला विसरू नका. वही आणि वेबसाइट यांत फरक पडू लागला की वस्तू एक आणि उतारे दोन, अशी गत होते.

मजकूर मराठीतच आणि युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या कृतीदेव, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले थेट वेबसाइटवर टाकले, तर दुसऱ्याच्या मोबाईलवर भलतीच चिन्हे दिसतात आणि शोधले तरी सापडत नाही. मजकुराचा फोटो काढून टाकणे हाही तसाच चुकीचा उपाय. अक्षरे मोठी ठेवा, मागचा रंग साधा ठेवा. आबाजींना चष्मा न लावता वाचता आले, तर वेबसाइट जमली म्हणायची. प्रत्येक फोटोखाली दोन वाक्ये वर्णन असू द्या. डोळ्यांनी दिसत नाही अशांचा मोबाईल ते वर्णन वाचून दाखवतो.

वेबसाइटवर गाणे वाजायला नको, पळणारी अक्षरे नकोत, फुलांचा वर्षाव नको. पटाची जोडी पळाली पाहिजे, पान नव्हे.

कोणाला विचारायचे?

फोटो आपल्या कपाटात आहे म्हणून तो छापायचा हक्कही आपलाच, असे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मंडळाने पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क मंडळाचा. कोणी हौसेने काढलेला असेल तर हक्क काढणाऱ्याचा. वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर वर्तमानपत्राला पत्र लिहून परवानगी मागा.

फोटोतल्या माणसांचे घरचे पत्ते, मोबाईल नंबर, आधार क्रमांक वेबसाइटवर कधीही टाकू नका. लहान मुलांचे आजचे फोटो टाकायचे असतील तर आईवडिलांची लेखी संमती घ्या. आणि एखाद्या बाईने "माझा फोटो काढा" म्हटले तर कारण न विचारता काढा. वहीतली नोंद तशीच राहू द्या.

खर्च आणि मालकी

वेबसाइटच्या नावाला दरवर्षी भाडे असते आणि ती जिथे ठेवायची त्या जागेलाही. २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. ही रक्कम मंडळाच्या एका छोट्या बक्षिसाएवढी. ती वर्षाच्या खर्चात आधीच धरा, कारण भाडे थकले की वेबसाइट बंद.

संग्रह मांडायच्या प्रणालीला पैसे पडतातच असे नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने २००८ साली काढलेली 'ओमेका' ही मुक्त प्रणाली छोट्या संग्रहालयांसाठीच आहे. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही प्रणाली तयार केली. केंद्र सरकारच्या दहा संग्रहालयांचे संग्रह तिच्या आधाराने 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर मांडले आहेत. तिथल्या नोंदी पाहून ठेवा, रकाने कसे असतात ते कळेल. एवढेही जमत नसेल तर 'विकिमीडिया कॉमन्स'वर फोटो फुकट ठेवता येतात. मात्र तिथे ठेवलेला फोटो जगातला कोणीही, अगदी धंद्यासाठीही वापरू शकतो. म्हणून ज्याचा हक्क नक्की आपला, तोच तिथे टाका.

सर्वात मोठा धोका पैशाचा नाही, पासवर्डचा आहे. गावचा हुशार पोरगा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईलवर वेबसाइट उघडतो. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि कुलूप गावात, किल्ली पुण्यात अशी स्थिती होते. दोष पोराचा नाही, आपल्या कारभाराचा. म्हणून पत्ता मंडळाच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने घ्या. पासवर्ड लिहून सीलबंद पाकिटात कपाटात ठेवा, दोघांना माहीत असू द्या. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते बदलून गेले की चार्जच्या यादीत हे पाकीटही असावे. ग्रामसभेत तसा ठराव घ्या : वस्तू कोणाच्या, वेबसाइट कोणाची, नोंदवही कोणाच्या ताब्यात, नूतनीकरण कोणी करायचे. ठरावाला दहा मिनिटे लागतात, पण तो नसेल तर दहा वर्षांचे काम जाते.

पहिला दिवस ठरवा

हे सगळे वाचून "बाप रे, एवढे कोण करणार!" असे म्हणू नका. एका दिवसात काही करायचे नाही. पहिल्या महिन्यात फक्त दहा वस्तू घ्या. दहा क्रमांक, दहा नोंदी, दहा फोटो. पन्नास नोंदी पक्क्या झाल्याशिवाय वेबसाइटचे नावही काढू नका. पन्नास झाल्या की ती आपोआप उभी राहील, कारण मांडायला माल असेल.

मंडईचा मुहूर्त यंदा हुकला असेल तर दुसरा सुचवतो. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता तो राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. खरिपाचे धान तोवर घरी आलेले असते, माणसाला जरा उसंत असते. त्या दिवशी शाळेत भाषणे होतील, हारतुरे होतील, ते होऊ द्या. त्यानंतर व्हरांड्यात टेबल टाका, जुन्या संघाचा एक फोटो ठेवा, आणि गावातल्या सर्वात म्हाताऱ्या खेळाडूला मानाने खुर्चीवर बसवून विचारा :

"आबाजी, डावीकडून चौथा कोण?"

उत्तर येईल ते लगेच लिहून घ्या. तारीख टाका, सांगणाऱ्याचे नाव टाका. तुमच्या वेबसाइटचे पहिले पान तयार झाले.